सावेबाईंची तपासणी

डहाणू रोडला स्टेशनच्या आसपास कुणालाही "सावेबाई कुठे राहतात हो?" असं विचारलं, तर तो आधी नकळत शर्टाचं वरचं बटण लावतो आणि मग पत्ता सांगतो. नयना वासुदेव सावे यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, आणि निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. रिक्षावाले, तलाठी, चिकूचे व्यापारी, बँकेतला शिपाई, सगळ्यांनी कधी ना कधी बाईंसमोर पाढे म्हटलेले.

बाई मायाळू होत्या, पण एक गोष्ट त्यांना मुळीच सोसत नसे, ती म्हणजे प्रश्नानंतरची शांतता. प्रश्न विचारला की उत्तर आलंच पाहिजे. समोरच्याला येत नसेल तर बाई देत. शाळा तपासायला साहेब आले की बाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहून नुसत्या ओठांनी उत्तर सांगत, आणि वर्गातली पोरं त्यात इतकी तयार झाली होती की साहेबांकडे कुणी बघतच नसे. एकदा साहेबांनी महाराष्ट्राची राजधानी विचारली आणि नेमकी त्याच वेळी बाईंना जांभई आली. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "आग्रा!"

घरीही तेच. वासुदेवरावांना कुणी "काय, कसे आहात?" म्हटलं तर "बरे आहेत, डावा गुडघा जरा धरतो," हे बाईच सांगत. वासुदेवरावांनी कधी हरकत घेतली नाही. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर आयुष्यभर लोकांना उत्तरं देऊन त्यांच्याकडची उत्तरं बहुतेक संपली होती.

बाई निवृत्त झाल्या, मुलगा अनिकेत नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि घर रिकामं झालं. रिकामा वर्ग बाईंना कधीच बघवला नव्हता. त्यांनी चौकशा केल्या, बालकल्याण समितीसमोर मुलाखती दिल्या (वासुदेवरावांची मुलाखतही बरीचशी त्यांनीच दिली), आणि एका दुपारी दक्षा त्यांच्या घरी आली. दत्तक नव्हे, सांभाळायला. नऊ वर्षांची पोर, तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावची. आई तापानं गेलेली, बाप कामाला म्हणून सुरतेकडे गेला तो गेलाच. मागे आजा भिका उरला होता, भात आणि नागली करणारा. पण त्याला दिसायचं कमी झालं होतं आणि त्यालाच कुणीतरी सांभाळायची वेळ आली होती.

दक्षा गुणी होती. सांगितलं ते करी, वाढलं ते खाई. बोलत मात्र फार कमी, आणि जे बोले त्याच्या आधी इतका वेळ घेई की तेवढ्यात बाईंचं तिच्या वतीनं बोलून होई. दोन वर्षं असं बरं चाललं होतं. मग दर रविवारी संध्याकाळी दक्षाचं पोट दुखायला लागलं.

ओवा झाला, हिंग झाला. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, "बाई, पोटात काही नाही. म्हणजे आहे काहीतरी, पण ते माझ्या यंत्रात दिसायचं नाही. मसोलीला 'मनमैत्र' म्हणून केंद्र आहे, लहान मुलांशी बोलतात तिथे. घेऊन जा."

'मनमैत्र' एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर होतं. मुंबईच्या एका संस्थेनं ते दत्तक आणि सांभाळायला दिलेल्या मुलांसाठी चालवलेलं. तिथल्या समुपदेशक दीप्तीताई दार उघडून हसतमुखानं "या, या" म्हणाल्या, आणि बाईंना पाहताच त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "नमस्ते बाई!"

दीप्ती चौथीत बाईंच्या वर्गात होती. पहिल्या बाकावर.

"अगं, तू होय! बस, बस. पाठ सरळ ठेव," बाई म्हणाल्या, आणि दीप्तीनं पाठ सरळ केली.

मग सुरू झालं. दीप्तीनं दक्षाला विचारलं, "तुला शाळेत कोण आवडतं?"

"मैत्रिणी आहेत तिला दोन," बाई म्हणाल्या. "पण एक जरा आगाऊ आहे."

"दक्षा, तुला कधी राग येतो का?"

"येतो की. पण आवरते. समजूतदार आहे आमची दक्षा."

"रविवारी पोट दुखतं तेव्हा काय वाटतं तुला?"

"दुखल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या.

मुलाच्या भेटीत पालकांनी बाहेर बसायचं, असा केंद्राचा नियम होता. दीप्ती इतरांना तो बिनदिक्कत सांगत असे. पण सावेबाईंना वर्गाबाहेर काढायचं म्हणजे काय? "बाई, तुम्ही जरा…" इथवर ती दरवेळी यायची. बाईंनी मान वर केली की वाक्य बदलायचं. "तुम्ही जरा पाणी घेणार का?" अशा कितीतरी भेटी झाल्या. बाई तांब्याभर पाणी पिऊन घरी येत, आणि दक्षाचं पोट रविवारी वेळेवर दुखे.

अशात मुंबईच्या संस्थेकडून फर्मान आलं. मुलांना इथे काय आवडतं, काय टोचतं, काय बदलायला हवं ते मुलांकडूनच समजून घ्या, आणि ते काम समुपदेशकानं करू नये, तिऱ्हाईतानं करावं. दीप्ती कोण मिळेल या विचारात होती. बाईंच्या कानावर गेलं आणि विचार संपला.

"त्यात काय? मी आहे ना. आयुष्य गेलं माझं मुलांकडून उत्तरं काढण्यात."

"बाई, पण त्यांनी स्वतःच्या मनातलं…" दीप्ती म्हणाली.

"मनातलंच काढते."

शनिवारी केंद्रातली सगळी मुलं जमली. बाईंनी त्यांना उंचीप्रमाणे ओळीत बसवलं, कागद वाटले, समास आखून घेतले. पहिल्या प्रश्नावर पोरं एकमेकांकडे बघत बसली. थोडा वेळ बाईंनी धीर धरला. मग धीर सुटला. त्या येरझाऱ्या घालत म्हणाल्या, "आता बघा, इथे कसं उत्तर येईल… 'दीप्तीताई… प्रेमळ… आहेत.' लिहिलं? पूर्णविराम."

आठवड्यानं मुंबईहून संस्थेच्या दर्शन सरांचा दीप्तीला फोन आला. "मॅडम, सगळ्या मुलांनी एकच लिहिलंय. 'समुपदेशनामुळे माझा सर्वांगीण विकास झाला.'"

"हो सर," दीप्ती क्षीण आवाजात म्हणाली.

"त्यात एक हिरू आहे. वय आठ. तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता ना? त्याचा सर्वांगीण विकास कधी झाला?"

शेवटी दर्शन सर स्वतः डहाणूला आले. तिशीतला दाढीवाला माणूस, खांद्याला झोळी. बाईंनी त्यांना झोळीसकट नजरेनं तपासलं.

"बाई, मेहनत खूप घेतलीत," सर म्हणाले. "पण उत्तरं तुम्ही सांगितलीत का?"

"मग चुकीची लिहू द्यायची?"

"ह्यात चुकीचं उत्तर नसतंच हो."

बाईंना हे काही केल्या पटेना. परतताना रिक्षात त्या वासुदेवरावांना म्हणाल्या, "ज्याला चुकीचं उत्तर नाही, तो प्रश्न तरी कसला?" वासुदेवराव काही म्हणणार होते, पण बाईच म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

दर्शन सर मुलांबरोबर एकटेच बसले, दार लावून, जमिनीवर. आत काय झालं ते पुढे त्यांनीच सांगितलं. सगळ्यांत आधी तेरा वर्षांचा मिथुन सरसावून बसला. त्याला दत्तक घेणाऱ्या घरचं स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि व्यवहार दोन्हींत पक्का.

"सर, आधी बोली करू. आम्ही खरं सांगितलं तर तुम्ही काय करणार?"

"ऐकणार."

"ऐकून घरी जाणार ना? तसं नाही चालणार. आम्ही जे सांगू, ते करायचं. नाही जमलं तर का नाही जमलं, ते आमच्यासमोर येऊन सांगायचं. आणि कोण बोललं म्हणून दीप्तीताईंनी राग धरायचा नाही."

सरांनी बोली मान्य केली. तरी लिहायला कुणी तयार होईना. कागद बघितला की सगळ्यांना 'सर्वांगीण' आठवे. तेव्हा रुचिता नावाची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आम्ही करून दाखवू का? नाटकासारखं?"

पुढच्या शनिवारी दुपारी सगळे पालक केंद्रात जमले. बाई अर्थातच पहिल्या रांगेत, शेजारी वासुदेवराव. दीप्ती भिंतीला टेकून उभी, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखी.

सुरुवात रुचितानं केली. दत्तक मुलगी ती, दोन वर्षांची असताना आताच्या घरी आलेली. तिनं हाताएवढा कागद वर धरला. "ताई दरवेळी म्हणतात, तुझ्या घरचं चित्र काढ. इतकुशा कागदावर मी आई-बाबा काढते, आजी काढते, कुत्रा काढते. आणि मला जिनं जन्म दिला ती? ती काढायला गेले की कुत्र्याला काढून टाकावं लागतं." ती थांबली. "मला कुत्रा पण पाहिजे. मोठा कागद द्या."

मग मिथुन उठला. तो रस्त्यावरचा रिक्षावाला झाला, हात डोळ्यांवर धरून माडीवरची पाटी मोठ्यांदा वाचू लागला. "दत्तक व निराधार बालक मानसिक उपचार केंद्र! ए, तो बघ भांडीवाल्याचा पोरगा वर चालला! काय रे, डोक्यात काय झालं?" पालक हसले, पण हसू लवकर विरलं. दीप्तीनं खाली मान घातली. पाटी तिनंच हौसेनं लाल रंगात रंगवून घेतली होती.

शेवटचा प्रवेश दक्षाचा. मिथुन दीप्तीताई होऊन खुर्चीत बसला, ताठ पाठीनं. छोटा हिरू झाला पेशंट. आणि ओढणीचा पदर कमरेला खोचून, नाकावर कुणाचा तरी चष्मा ठेवून दक्षा त्या दोघांच्या मधोमध येऊन बसली.

"बाळा, तुला काय खायला आवडतं?" मिथुननं हिरूला विचारलं.

हिरूनं तोंड उघडलं.

"सगळं खातो तो," दक्षा म्हणाली. "वांगं सोडून."

हिरूनं तोंड मिटलं.

"बाळा, तुझं नाव काय?"

हिरूनं पुन्हा तोंड उघडलं.

"नाव छान आहे त्याचं," दक्षा म्हणाली. "मी सांगते."

हिरूचं तोंड पापलेटासारखं उघडत होतं नि मिटत होतं. खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या सावेबाई. डोळे पुसत त्या वासुदेवरावांच्या कानाशी लागल्या, "अहो, कुणाची नक्कल करतेय हो ही? असली बाई असते का कुठे?"

वासुदेवरावांनी छताच्या पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता, तरी ते बघत राहिले.

"बाई, तुम्ही जरा…" मिथुन दीप्तीच्या आवाजात चाचरला.

"पाणी घेते," दक्षा म्हणाली. "आणि तू पाठ सरळ ठेव. आमची दक्षा म्हंजे फार समजूतदार हं!"

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. चेहरा लाल झाला. त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साफ खोटं! मी 'म्हंजे' म्हणत नाही! मी 'म्हणजे' म्हणते! शुद्ध!"

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही, बहुधा दीप्तीच. मग कुणालाच आवरेना. दक्षा मात्र हसत नव्हती. चष्मा काढून ती बाईंकडे बघत होती.

दर्शन सर खाली तिच्याजवळ बसले. "दक्षा, तुला काय व्हायला पाहिजे इथे?"

शांतता पसरली. ती बाईंना कधीच न सोसलेली शांतता. त्यांचे ओठ हलले. वासुदेवरावांनी ते पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत त्यांचा हात धरला. बाईंनी दुसरा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. बाहेर रस्त्यावरून टेम्पो गेला, खालच्या दुकानात कुणी खोकल्याचं औषध मागितलं, तरी दक्षा गप्पच. मग ती म्हणाली,

"बाईंनी बाहेर बसायचं."

थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "पण जायचं नाही कुठे. बाहेर बाकड्यावरच बसायचं. मी येईपर्यंत."

त्या संध्याकाळी बाई घरात कुणाशी बोलल्या नाहीत. हे इतकं नवीन होतं की शेजारच्या तुळशीकाकू "बरं नाही का?" म्हणून विचारून गेल्या, आणि उत्तर वासुदेवरावांनी दिलं. खरं सांगायचं तर बाईंना राग कमी आणि लाज जास्त वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तपासणीची तयारी करून घेतली, आणि आपली तपासणी झाली तेव्हा आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे त्यांना राहून राहून खुपत होतं.

सकाळी चहा ठेवायला उठल्या, तर दक्षा दाराशी बसलेली. आंघोळ करून, वेणी घालून, कपड्यांची पिशवी मांडीवर.

"हे काय गं?"

दक्षा बोलेना. बाईंच्या जिभेवर चार उत्तरं आली; त्यांनी चारही गिळली आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी बसून राहिल्या.

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर नापास केलं," अखेर दक्षा म्हणाली. "आता मला तलासरीला पाठवणार ना?"

बाईंनी तिच्या वेणीवरून हात फिरवला. पण शिक्षकाचं हाड ते.

"नापास झालं म्हणून शाळेतून कुणी कुणाला काढतं का?" त्या म्हणाल्या. "नापास झालेल्याला त्याच वर्गात पुन्हा बसवतात. मी बसेन. तूही बस. ती पिशवी आत ठेव आणि चहाचं पातेलं कोण घासणार ते ठरव, कारण मी घासणार नाहीये."

दक्षानं विचार केला. "काका घासतील," ती म्हणाली.

आतून वासुदेवराव म्हणाले, "घासतो."

पुढच्या भेटीपासून बाई बाकड्यावर बसू लागल्या. सोपं नव्हतं ते. पहिल्या दिवशी त्यांनी दाराला कान लावायचा नाही म्हणून वाती वळायला नेल्या. गावातल्या सगळ्या देवांना वर्षभर पुरतील एवढ्या वाती झाल्या. दुसऱ्या खेपेला आतून दक्षाच्या हसण्याचा आवाज आला आणि बाई जाग्यावरून अर्ध्या उठल्या; काय विनोद झाला ते कळल्याशिवाय जीव राहीना. पण बसल्या परत. हळूहळू त्या बाकड्यावर त्यांचा इतका जम बसला की दुसरे पालक मुलामागोमाग आत शिरू लागले तर बाईच त्यांना दंडाला धरून बसवत. "बसा इथे. तुमचं नाव काय? तुमचं, मुलाचं नव्हे." दीप्तीला जो नियम सांगता येत नव्हता, तो आता न सांगताच पाळला जाऊ लागला.

दर्शन सरांनीही बोली पाळली. पाटी उतरली आणि तिच्या जागी नुसतं 'मनमैत्र' आलं, निळ्या रंगात. चित्रांसाठी लग्नाच्या पंगतीत अंथरतात तसा लांबलचक कागदाचा गठ्ठा आला. रुचिताच्या पहिल्या चित्रात कुत्र्याला पिल्लंही झाली. दर शनिवारी चिकूचं आइस्क्रीम मिळावं ही हिरूची मागणी तेवढी मान्य झाली नाही. ते का जमत नाही, हे सरांना मुंबईहून येऊन हिरूसमोर उभं राहून सांगावं लागलं. हिरूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पटलं नाही."

दक्षाची रविवारची पोटदुखी आधी कमी झाली, मग एका रविवारी आलीच नाही. का दुखत होतं आणि का थांबलं, हे दक्षाला ठाऊक, दीप्तीला ठाऊक. बाईंना ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. वासुदेवरावांच्या मते बाईंच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं कर्तृत्व, शिक्षिका म्हणून मिळालेला राज्य पुरस्कार त्याखालोखाल.

यंदा संस्थेनं तलासरीत केंद्राची शाखा काढायचं ठरवलं. तिथले समुपदेशक निवडताना मुलांनाही विचारायचं, असं ठरलं. मुलांतर्फे गेले मिथुन आणि दक्षा. बाई सोबतीला, अर्थात बाहेर.

उमेदवार दोघी होत्या. पहिली चटपटीत, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी. दुसरी जरा घाबरट. दक्षानं दोघींना विचारलं, "आमच्याकडची बोली येते का तुम्हाला?" पहिली म्हणाली, "हो, हो, समजते सगळी." दक्षा तिच्याशी बोलीत दोन वाक्यं बोलली, तर ती नुसती मान डोलवून हसली. तीच वाक्यं दुसरीला ऐकवली, तर ती म्हणाली, "नाही येत. तू मला काय विचारलंस ते सांगशील?" मुलांनी दुसरीला पसंती दिली, आणि मोठ्यांनीही पुढे तीच ठेवली.

बाईंनी बाहेर बाकड्यावर दोघींशी गप्पा मारल्या होत्या आणि त्यांच्या मनात पहिली भरली होती. चारोटीला गाडी बदलताना वडापाव घेतला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"ती पहिली किती हुशार होती! वाणी स्वच्छ, पाठ सरळ."

"तिला ऐकू येत नाही," दक्षा म्हणाली.

"कानानं अधू होती? मला तर नाही वाटलं."

"कान आहेत. ऐकत नाही."

"असं एका भेटीत ठरवू नये माणसाबद्दल."

"मग मुलाखत कशाला घेतात?"

"हे बघ, मला माणसांची पारख आहे. माझी नोकरी…"

"बाई, माझं संपलं नाही," दक्षा म्हणाली.

बाई थांबल्या. दक्षाचं लवकर संपणारही नव्हतं. वाद चारोटीवरून निघाला तो आशागड मागे पडलं तरी चालूच होता, आणि जीपमधल्या अनोळखी लोकांनीही त्यात बाजू घेतल्या होत्या. पुढच्या सीटवरची एक म्हातारी तर पूर्णपणे दक्षाच्या बाजूनं होती. डहाणूला उतरेपर्यंत निकाल काही लागला नाही. वासुदेवरावांनी जिन्यावरून येणारे दोन आवाज ऐकले, कोण कुणाला बोलू देत नाहीये याचा क्षणभर अंदाज घेतला, आणि दार उघडं ठेवून ते भात लावायला आत गेले.